चालत्या अवजाराची पूजा

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे मी पदवीधर झालो तेव्हा रिसोडात माझे तीन सत्कार झाले. तिन्ही ठिकाणी शाल, नारळ आणि 'आपल्या मातीतला' हे विशेषण मिळालं. नारळ आईने फोडले, शाली बाबा हिवाळ्यात पांघरतात. विशेषण मात्र मी स्वतःकडे ठेवून घेतलं, आणि पुढे जे काही झालं ते त्या विशेषणामुळेच झालं असं माझं आजचं मत आहे.

मी पुण्यात एका कंपनीत काम करतो. गावात सगळ्यांना वाटतं मी कॉम्प्युटर बनवतो. प्रत्यक्षात मी दिवसभर फोनवर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देतो, आणि कोणाचं यंत्र अडलं तर आधी बंद करून पुन्हा चालू करायला सांगतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. गावात मी हे कधी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं तर 'सिस्टिम्समध्ये आहे' असं म्हणतो. हा शब्द फार सोयीचा आहे. ऐकणाऱ्याला काही कळत नाही आणि पुढे विचारायची लाज वाटते.

आमच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाचे माझ्यावर उपकार आहेत. घर एका खोलीचं. बाबा बाजार समितीत हमाल. सोयाबीनचा हंगाम आला की त्यांच्या ओळखीचे दहा-बारा जण आमच्याकडेच जेवायला, बसायला. अशा घरात बारावीचा अभ्यास होणं कठीण होतं. वाचनालयाच्या मागच्या बाजूला अभ्यासिका होती, तिथे मी दोन वर्षं बसलो. ग्रंथपाल काका जैन व्यापारी घराण्यातले. भावांनी कापडाचं दुकान आणि धान्याची अडत सांभाळली, यांनी पुस्तकं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून वाचनालय बरोबर पाचला बंद. पाच वाजून पाच मिनिटांनी आलेले वाचक बंद दार पाहून त्यांच्या धर्माबद्दल काहीबाही बोलायचे. पण माझ्यासाठी त्यांनी अभ्यासिकेची किल्ली झाडझूड करणाऱ्या मावशींकडे देऊन ठेवली होती. मावशी साफसफाई करायच्या, मी गणितं सोडवायचो. आमच्यात बोलणं फारसं व्हायचं नाही, पण परीक्षेच्या दिवसांत त्या माझ्या बाकाखालून झाडू हळूच फिरवायच्या.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी या उपकारांची पहिली परतफेड केली. वाचनालयाला कोणीतरी दान दिलेला एक कॉम्प्युटर होता. त्यात व्हायरस इतके शिरले होते की तो चालू व्हायला चहा उकळण्याइतका वेळ लागायचा. मी तो पुसून त्यावर लिनक्स टाकलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली, फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही धावते. त्यानंतर काकांनी त्यावर दोन बोटांनी पुस्तकांची यादी टाइप करायला घेतली. अकरा हजारांवर पुस्तकं. दाखल क्रमांक, नाव, लेखक, कपाट, शेरा. चार वर्षं लागली. टाइप करताना ते प्रत्येक पुस्तक हातात घेऊन पाहायचे, त्यामुळे काम आणखी लांबलं.

यादी पूर्ण झाली तेव्हा कार्यकारिणीने 'डिजिटल वाचनालय' असा फलक लावून कार्यक्रम घेतला. अध्यक्षांनी कागदविरहित कारभारावर भाषण केलं. सचिवांनी लगेच त्याच आठवड्यात जुन्या नोंदवह्या रद्दीत घातल्या. दोन वह्यांना वाळवी लागलेली होती, बाकीच्या धडधाकट होत्या. पण कागदविरहित म्हटल्यावर कागद ठेवायचा कसा, असा सचिवांचा सवाल होता.  तेव्हापासून त्या अकरा हजार पुस्तकांची सगळी नोंद त्या एका यंत्राच्या पोटात होती.

आता काका निवृत्त होणार होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या ग्रंथपाल बाईंना चार्ज द्यायचा होता. चार्ज म्हणजे यादी समोर ठेवून कपाटागणिक पुस्तकं मोजायची, अधलीमधली काढून दाखवायची, वेगळे शेरे वाचायचे आणि सही घ्यायची. आधीच्या सभेत सचिव म्हणाले होते की चाळीस वर्षांत पुस्तकं कुठं कुठं गेली तेही या निमित्ताने कळेल. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण काका घरी गेल्यावर दोन घास कमी जेवले, असं त्यांच्या भावाने बाबांना बाजारात सांगितलं. यादी असेल तर काका मान ताठ ठेवून घरी जाणार. यादी नसेल तर उरलेलं आयुष्य ते दुकानात भावांच्या मागे बसणार आणि गाव त्यांच्याकडे पाहून हळू आवाजात बोलणार.

अशा वेळी मी दसऱ्याच्या सुटीत घरी आलो, आणि अष्टमीच्या सकाळी उपकारांची दुसरी परतफेड करायला वाचनालयात गेलो.

पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना येत होती. ही आवृत्ती जुनी झाली, नवी घ्या. काका रोज सकाळी तिच्यावर 'नंतर' असं दाबत होते. दोन-अडीच वर्षं त्यांनी हे निष्ठेने केलं होतं. मी त्यांना समजावलं की हे फार धोक्याचं आहे. सुरक्षा, आधार संपणं, जगाच्या पुढे जाणं, असे बरेच मुद्दे मी मांडले. पासवर्ड बदलून देताना असे मुद्दे मांडायला मिळत नाहीत, त्यामुळे मी जरा लांबवलं.

"चालून तर राह्यलं," काका म्हणाले.

मी त्यांना चालणं आणि सुरक्षित चालणं यातला फरक सांगितला. मग विचारलं की यादीची दुसरी प्रत ठेवली आहे ना, मी मागेच सांगितलं होतं. ते अभिमानाने हो म्हणाले. त्यांनी मला 'नक्कल' नावाचा फोल्डर दाखवला. तो त्याच यंत्रात, मूळ यादीच्या शेजारीच होता. कपाटाची किल्ली हरवली तर उपयोगी पडावी म्हणून त्याच कपाटात ठेवलेली दुसरी किल्ली. हे पाहून मी हसलो. प्रत दुसरीकडे काढून घ्यायला मला पाच मिनिटं लागली असती. मी ती घेतली नाहीत, कारण मी असं काम दहा वेळा केलं होतं. म्हणजे दहा वेळा होताना पाहिलं होतं.

माझ्या मोबाइलच्या इंटरनेटवर नव्या आवृत्तीचं सामान उतरायला दुपारचे तीन वाजले. मग बसवायचं काम सुरू झालं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या गतीने सरकत होती आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं की काम होईपर्यंत यंत्र बंद करू नये. उद्या सकाळपर्यंत होईल, मी काकांना सांगितलं. त्यांनी पट्टीकडे बराच वेळ पाहिलं.

"यादीले काही होत नाई ना?"

मी म्हणालो, काका, माझ्यावर विश्वास नाही का? ते पाचला घरी गेले. साडेपाचला मीही निघालो, कारण एका नवरात्र मंडळाने सहाला माझं करिअर मार्गदर्शन ठेवलं होतं. तिथे मी मुलांना सांगितलं की हाती घेतलेलं काम अर्धवट सोडू नका. टाळ्या पडल्या आणि चौथी शाल मिळाली.

माझं मार्गदर्शन चालू असताना मावशी वाचनालयात पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी ज्याचं त्याचं अवजार पूजतात. शेतकरी विळा आणि पेरणीची पाभर, मिस्त्री थापी, शिंपी कात्री. वाचनालयात पुस्तकं आणि कॉम्प्युटर. अवजार आदल्या संध्याकाळी धुऊन-पुसून ठेवायचं, नवमीला पूजा करायची, आणि दसऱ्याच्या सकाळी फूल वाहून हलवलं की मगच कामाला घ्यायचं. तोपर्यंत त्याची सुटी. मावशींनी दरवर्षीप्रमाणे टेबल पुसलं, पडदा पुसला, आणि दरवर्षीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद करून वायर गुंडाळून ठेवली. इंग्रजी सूचना त्यांच्या डोळ्यांसमोरच होती. त्यांना इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं. सूचनेखाली मराठीत एक चिठ्ठी चिकटवायला मला कोणी अडवलं नव्हतं.

नवमीला सकाळी नऊला मी पोहोचलो तर वायर वेणीसारखी बांधलेली. मी ती घाईने सोडली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर गेली आणि थांबली. शेवटच्या ओळीचा मराठीत अर्थ असा की यंत्राचा गाभा घाबरला आहे आणि ज्या घरात राहायचं ते घर त्याला सापडत नाही. म्हणजे नवी प्रणाली अर्धी बसली होती, जुनी अर्धी उखडली होती, आणि मधल्यामध्ये लाईट गेला होता.

तेवढ्यात मावशी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि चालू यंत्र पाहून दारातच थबकल्या.

"काय करून राह्यला बाप्पा? पूजेचं हाये ते."

मी विचारलं, मावशी, काल बंद कोणी केलं?

"म्या केलं. काहून? दरसाल मीच तं करतो." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी समजावलं, "चालत्या अवजाराची पूजा होते काय? चालत्या गाडीले कोनी हार घालते काय?"

 त्यांनी माझ्या हाताखालून बटण बंद केलं, त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, पडद्याला झेंडूचा हार घातला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. पदवीधर बाजूला झाला.

दहाला कार्यकारिणी आली. अध्यक्षांनी पूजा केली आणि त्या मेलेल्या यंत्रासमोर उभं राहून ज्ञानाच्या गंगेवर भाषण केलं. यंत्राला त्यांनी 'आपल्या वाचनालयाचा आत्मा' म्हटलं. आत्मा कालच निघून गेला आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं. मग त्यांनी मला पुढे बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि या आत्म्याचं आरोग्य आपल्या मातीतल्या या लेकराच्या हाती आहे असं जाहीर केलं. आरतीला मी टाळ्या चुकीच्या ठेक्यात वाजवल्या.

पांगापांग झाल्यावर मी काकांना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि यादी आहे की गेली, एवढंच विचारलं. मी म्हणालो, बहुतेक आहे. माझ्या कामात आम्ही 'बहुतेक' हा शब्द रोज वापरतो. तो समोरच्याच्या पोटात कसा उतरतो हे मी प्रथमच पाहिलं.

पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून आत बघता येईल, मी म्हणालो, आत्ता तासाभरात कळेल. काकांनी मान हलवली. पूजा झालेली, आता उद्या. मी त्यांना विज्ञान सांगायला लागलो. त्यांच्या स्वतःच्या घरी ही पूजा नसते, हेही मी काढलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काल तू माह्यं ऐकलं नाई. आज मी तुहं ऐकत नाई. मावशीची पूजा हाये ते. मी नाई मोडत."

सचिव दारात चपला घालत होते. त्यांच्या चपला घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. "यादी गेली म्हणता?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती. काळजीच्या आत दुसरंही काही होतं.

घरी जाऊन निदान पेनड्राइव्ह तयार करून ठेवावा म्हणून आलो, तर माझा लॅपटॉप देवापुढे पाटावर. शेजारी बाबांचा पोती उचलायचा लोखंडी हूक, आईचा विळा आणि पायली. लॅपटॉप पाटावर आडवा बसेना म्हणून आईने त्याच्याखाली एक जाड पुस्तक सरकवलं होतं. सगळ्यांवर सारखं हळदकुंकू. मी हात पुढे केला तर आईने हातावर मारलं.

"बाबाचा हूक आज सुटीवर हाये. तुह्या डब्यानं काय घोडं मारलं?"

मी तिला सांगितलं की माझा डबा सुटीवर असला तर काकांची अब्रू जाईल. ती म्हणाली, काकाची अब्रू काल तुह्या हातात होती, तवा कुठं गेल्ता? भाषण द्याले? आमच्या गावात बातमी मोबाइलच्या आधी पोहोचते.

मोबाइल तेवढा पूजेतून सुटला होता. त्यावर मी लिनक्सवाल्यांच्या मंचावर प्रश्न टाकला. पहिलं उत्तर आलं, बॅकअप कुठे आहे? दुसरं आलं, वीज जाणार होती तर अपग्रेड सुरूच का केलं? वीज गेली नव्हती, तिची पूजा झाली होती, हे मी इंग्रजीत कसं लिहू? तिसऱ्याने सगळं पुसून नव्याने बसवा असा सल्ला दिला. म्हणजे घर गळतं म्हणून घर पाडा. फक्त एका माणसाने न चिडता लिहिलं की आधी काही दुरुस्त करू नकोस, आधी यादी बाहेर काढ, मग यंत्राकडे बघ. मी हे वाक्य दिवसभरात वीसेक वेळा वाचलं. पदवीच्या तीन वर्षांत एवढं उपयोगी वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर त्या तासाला मी गैरहजर असेन.

बाबांचं काम त्या दिवशी बंद होतं. ते ओट्यावर बसून माझी तगमग पाहत होते. नेमकं काय बिघडलं ते त्यांनी विचारलं. मी सोप्या भाषेत सांगितलं की एक जड काम अर्ध्यावर होतं आणि मधेच खंड पडला. बाबांनी दोन्ही हातांनी फळी धरल्याची खूण केली.

"थप्पीवर पोतं चढोताना एक जन फळी धरून उभा राह्यते. त्याले दुसरं काम नसते, निस्ती फळी धराची. वरचा मानूस खाली येवस्तोर तो हालत नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू काहून नाई उभा राह्यला?"

त्यांच्याकडे पदवी नाही. माझ्या कंपनीत हे सांगायला एक जाड पुस्तिका आहे आणि ती कोणी वाचत नाही.

दसऱ्याच्या सकाळी आईने फूल वाहिलं, पाट हलवला आणि लॅपटॉप मोकळा केला. घरात एकच पेनड्राइव्ह होता. त्यात माझ्या तिन्ही सत्कारांचं चित्रण होतं. दुसरा आणायला दुकान उघडं नव्हतं. मी ते सगळं पुसलं. शाली, नारळ, अध्यक्षांची तीन भाषणं आणि माझी नम्र मुद्रा जाऊन तिथे लिनक्स बसलं. त्या पेनड्राइव्हचा तो पहिला सदुपयोग.

वाचनालयात अध्यक्ष यायची वाट पाहत साडेदहा वाजले. त्यांनी फूल वाहिलं, यंत्र बोटभर हलवलं आणि सीमोल्लंघनाच्या तयारीला निघून गेले. सचिव मात्र खुर्ची ओढून बसले. आपल्याला आज काही घाई नाही, म्हणाले.

पेनड्राइव्हवरून यंत्र चालू झालं. हे लिनक्स पेनड्राइव्हवरच राहतं आणि आतल्या बिघडलेल्या घराकडे खिडकीतून पाहू देतं. मी आतली डिस्क उघडली. काकांचा फोल्डर होता. यादी होती. शेजारी 'नक्कल' होती. काका माझ्या खांद्यामागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी फाइल उघडली.

आत एकही मराठी अक्षर नव्हतं. उभ्या-आडव्या रेघा, कंस, इंग्रजी अक्षरं, मध्येच टक्क्यांची खूण. अकरा हजार ओळी अशाच.

"हेच का ते?" सचिव पुढे वाकून म्हणाले. "यातलं भूगोलाचं कोणतं अन् कादंबरी कोणती?"

 काका खुर्चीवर बसले. चाळीस वर्षं ज्या खुर्चीवर बसले तिच्यावर नव्हे, वाचकांसाठी ठेवलेल्या बाकाजवळच्या खुर्चीवर. त्यांना तिथे बसलेलं मी आधी पाहिलेलं नव्हतं.

मीही दोन मिनिटं नुसता पाहत राहिलो. मग आठवलं. काका टायपिंग जुन्या पद्धतीचं शिकले होते, त्यामुळे मीच त्यांना तेव्हा एक जुना मराठी फॉन्ट बसवून दिला होता. त्या फॉन्टशिवाय ती अक्षरं अशीच दिसणार. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सकडे तो फॉन्ट नव्हता. पण आतल्या मोडक्या घरात तो कुठेतरी असणार. शोधायला पाऊण तास लागला. कारण मी तो तेव्हा योग्य जागी न ठेवता 'नवीन २' नावाच्या फोल्डरात ठेवला होता. फॉन्ट उचलला, पेनड्राइव्हच्या लिनक्सला दिला, फाइल बंद करून पुन्हा उघडली.

दाखल क्रमांक एक. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, कपाट पहिलं, शेरा: बांधणी सैल.

काका उठून आले. त्यांनी शेवटचा क्रमांक बघायला सांगितला. तो पाहिला, मधले चार-दोन पाहिले, आणि मावशींना म्हणाले, चहा सांग, सचिवांसाठीही.

मंचावरच्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे मी आधी यादी माझ्या लॅपटॉपवर घेतली, मोबाइलवर घेतली, स्वतःलाच मेल केली. यावेळी पाच मिनिटं होती. मग ती नीट उतरली का ते तपासायला म्हणून खाली खाली जात राहिलो. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'पान फाटलं', 'मुखपृष्ठ नाही' असं होतं. एकोणीस ठिकाणी वेगळा शेरा होता. वाचकाचं नाव आणि पुढे, 'यांच्याकडे आहे. येईल.'

बारावीचं भौतिकशास्त्र, जाड आवृत्ती. त्यापुढे माझं नाव. यांच्याकडे आहे. येईल.

मला आमच्या देवापुढचा पाट आठवला. लॅपटॉप आडवा बसेना म्हणून खाली सरकवलेलं पुस्तक. नऊ वर्षं ते आमच्या घरात होतं. कणकेच्या डब्याला झाकण म्हणून राहिलं, खिडकीला टेकण म्हणून राहिलं, आणि काल त्याची पूजा झाली. काकांची अब्रू वाचवायला पुण्याहून आलेला मी त्यांच्या एकोणीस खड्ड्यांपैकी एक होतो. मी मागे पाहिलं नाही. काका मागेच उभे होते आणि त्यांना कोणती ओळ पडद्यावर आहे हे दिसत होतं.  त्यांनी माझ्या शेजारी चहाचा कप ठेवला.

उरलेलं काम सोपं होतं, फक्त वेळखाऊ. खिडकीतून मोडक्या घरात शिरायचं आणि तिथे उभं राहून आज्ञा द्यायची की जे अर्धं राहिलं ते पूर्ण कर. पट्टी पुन्हा मुंगीच्या गतीने सरकू लागली. दुपारी बाहेर लोक आपट्याची पानं घेऊन निघाले, मला हाका मारल्या. मी उठलो नाही. मावशींनी भिंतीवरच्या बटणासमोर स्टूल टाकलं आणि त्यावर स्वतः बसल्या. कोणी जवळ आलं की म्हणायच्या, तिकून जाय. तीनच्या सुमारास यंत्र आपलं आपण बंद होऊन चालू झालं आणि पडद्यावर काकांच्या यादीचं चित्र दिसलं. मी सीमोल्लंघनाला गेलोच नाही. घरी जाऊन आधी ते पुस्तक पुसलं. कुंकू निघालं, हळद राहिली.

दुसऱ्या दिवशी चार्ज झाला. छापलेली यादी टेबलावर, नव्या बाई वाचत होत्या, मावशी पुस्तक काढून दाखवत होत्या, सचिव खुणा करत होते. पहिला वेगळा शेरा आला तेव्हा सचिव खुर्चीत सरसावले. चाळीस वर्षांचा हिशेब आता लागणार असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बाईंनी दोन गावकऱ्यांची नावं वाचली. मग माझं वाचलं. मी उठून पुस्तक टेबलावर ठेवलं.

"डाग आहेत याला," सचिव म्हणाले. "तसा शेरा मारा."

काकांनी पेन घेतलं, 'येईल' खोडलं आणि लिहिलं, 'आलं. हळदीसह.'

त्याच्या खालचं नाव अध्यक्षांचं होतं. त्याच्या खालचंही. मग एक कार्यकारिणी सदस्य, मग पुन्हा अध्यक्ष. अध्यक्ष भाषणात जी वाक्यं म्हणायचे ती कोणत्या पुस्तकांतली हे वाचनालयाला त्या दिवशी कळलं. बाई अडखळल्या. सचिवांनी घसा साफ केला आणि सुचवलं की वेळ कमी आहे, तर उरलेले शेरे वाचले असं धरण्यात यावं. एका सदस्याने ताबडतोब अनुमोदन दिलं. इतक्या वेगाने या कार्यकारिणीत आजवर काही मंजूर झालं नसेल.

"वाचा बाई," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "उरलेलेही वाचा."

बाईंनी एकोणीसच्या एकोणीस वाचले. शेवटून दुसरं नाव सचिवांचं होतं. त्यांनी त्यापुढे खूण केली, कारण हातातलं पेन आपोआप चाललं. मग सगळ्यांनी सह्या केल्या. दिवाळीपर्यंत त्यातली चौदा पुस्तकं कोणी न मागता परत आली. काही मावशींना सकाळी दाराशी सापडली, कोणी ठेवली ते कळू नये अशा बेताने.

सह्या झाल्यावर नव्या बाई काकांच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी यंत्र समजून घ्यायला सुरुवात केली. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी सूचना आली. काही नवं उपलब्ध आहे, घ्यायचं का? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टिम्समधला माणूस म्हणून मी पुढे झालो, तोंड उघडलं.

काका दारात होते. पाचला दहा मिनिटं कमी होती, त्यांना जेवायला जायचं होतं. ते तिथूनच म्हणाले, "त्याले म्हना, नंतर."

बाईंनी 'नंतर' दाबलं.